दोन लाल खुंट्यांमधला माल

रेगीनेने अठ्ठावन्न वर्षांत दुसऱ्याच्या लाकडाला हात लावलेला नव्हता. समुद्र लाकूड आणून टाकतो. ज्याला दिसेल त्याने ते भरतीच्या रेषेवर ओढायचं आणि वर धोंडा ठेवायचा. धोंडा ठेवला की ते त्याचं. मग मालक दहा वर्षं का फिरकेना, लाकूड तिथेच पडून राहणार. उत्तर ग्रीनलंडच्या त्या वस्तीत औषधालासुद्धा झाड नाही, आणि दुसऱ्याची खूण हलवण्याइतकं नीच काम तिथे दुसरं नाही.

म्हणून पाच वर्षांपूर्वी राजधानीतून पर्यावरण खात्याचा आस्गर आला आणि त्याने किनाऱ्यावर शंभर मीटरच्या अंतराने दोन लाल खुंटे ठोकले, तेव्हा वस्तीने काय समजायचं ते समजून घेतलं. मधला माल त्याचा झाला. जाळ्यांचे तुकडे, दोऱ्या, पट्ट्या, कुठल्या कुठल्या देशांचे डबे. "यातलं काही उचलू नका," असंही तो वर बोलला होता. रेगीने वस्तीचा कचरा आणि संडासाच्या पिशव्या ओढायची. तोवर तो किनाराही ती येता-जाता साफ करायची. तिने हात आखडला.

आस्गर दर ऑगस्टला यायचा, गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा वहीत लिहायचा आणि रिकाम्या हातांनी बोटीत बसायचा.

"आपला माल नेत का नाही हा मेला?" रेगीने करवादायची.

"अगं, त्यांचं तसंच," शेजारचा ओटो म्हणायचा. "आपल्याला सील दिसला की आपण मारतो. हे त्याचं नाव लिहून घेतात."

यंदा जुलैत तिच्या बर्फगाडीच्या म्होरक्या कुत्रीची तीन पिल्लं मोकळी हिंडत होती. मोठी कुत्री उन्हाळाभर साखळीला असतात, पिल्लांना कोण बांधतंय! त्यातल्या सगळ्यात धीट पिल्लावर रेगीनेची सगळी भिस्त होती. आई म्हातारी झाली होती, पुढे गाडीला म्होरक्या तेच होणार होतं. त्याने खुंट्यांमधली चरबी लागलेली हिरवी दोरी गिळली. चार दिवस तडफडून ते मेलं. रेगीनेने पोट फाडून पाहिलं, तर दोरी हातभर निघाली.

तिने खात्याला फोन केला. खातं म्हणालं, जाळी जहाजांची, किनारा नगरपालिकेचा, पण खुंट्यांमधलं हलवू नका. नगरपालिका म्हणाली, समुद्रातून आलंय ना, मग खात्याला विचारा. रेगीनेने फोन आपटला.

ऑगस्टमध्ये आस्गर आला, तेव्हा तिने दोरी त्याच्या वहीवरच ठेवली.

"ही पण लिही."

"कुठे सापडली?"

"पिल्लाच्या पोटात."

त्याचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. "रेगीने, मला खरंच वाईट वाटतंय. पण ही खुंट्यांमध्ये सापडली नाही. मोजणीत धरता येणार नाही."

"मग बाबा, खुंटे तरी काढ. दोन पिल्लं उरलीत माझी. तुझी खूण तू काढलीस की पुढचं मी बघते."

"खूण? कसली खूण?" तो गोंधळला. "ते नुसते मोजणीचे खुंटे आहेत. आणि कायमचे आहेत. तुम्ही साफ केलंत, तर दरवर्षी किती साठतं ते कळणार कसं?"

पाच वर्षं अख्खी वस्ती ज्या घाणीला वळसा घालून चालली, ती त्याच्या मालकीची मानली जाते हे या शहाण्याच्या गावीही नव्हतं.

बोट गेली. ती किनाऱ्यावर उतरली, दोन्ही हातांनी पहिला खुंटा धरला, आणि तशीच थांबली. त्याने आपल्या तोंडाने सांगितलं होतं, खूण नाही म्हणून. तरी हात ऐकेना. मग पिल्लं जाळ्याशी खेळायला लागलेली दिसली आणि तिने खुंटा उपटला. दुसराही उपटला.

जाळं ओढताना तिने वर पाहिलं. ओटो खिडकीत उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

रेगीनेचे कान तापले. तिने जाळं भरतीच्या रेषेवर नेलं आणि त्यावर आपला धोंडा ठेवला. कुठल्या कुठल्या देशांची घाण आता तिची झाली होती. ती उचलताना आपल्याला चोरासारखं वाटलं, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.