चेहऱ्याला पाणी आणि बाजारातलं कुलूप

पार्लरवालीला किस्से शोधत फिरावं लागत नाय. बाईने खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटले, की तोंड आपोआप उघडतं! संध्याकाळी दुकान झाडलं की केस निघून जातात, किस्से तेवढे साचत राहतात.

माझं दुकान मुरबाड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात, एसटी थांब्यासमोर. कोरडी त्वचा वेगळी आणि तहानलेली वेगळी, हे सांगून सांगून माझा घसा सुकलाय. एकीला तेल कमी, दुसरीला पाणी. एवढं सोपं! पण ऐकेल तर ती गिऱ्हाईक कसली?

*

किन्हवलीची एक नवरी आईसोबत आली. पोर लहानपणापासूनची कोरडी. पिंढरीवर नखाने रेघ ओढली की पाटीवर लिहिल्यासारखी पांढरी उठायची. आणि आई तिला रोज बेसन-लिंबू चोळत होती. का, तर रंग उजळंल!

"काकू, पोरीचं लगीन लावताय का साल काढताय?" मी विचारलं.

लिंबू बंद केलं. आंघोळ कोमट पाण्याची, साबण नावापुरता, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल नायतर जाड क्रीम. हळदीपर्यंत पोर लोण्यासारखी झाली. मांडवात काकू सगळ्यांना सांगत होत्या, "बघा, बेसनाचा गुण!"

*

मग शाळेतल्या बाई. "माझी स्किन फार ड्राय आहे," म्हणत आल्या. नाक बघितलं तर तेलाने चकचकीत! पण गाल ताणलेले, निस्तेज, आणि हलक्या चिमटीत धरले की बारीक बारीक सुरकुत्या. त्यावर रोज दोन थर क्रीम. घावन पण एवढं तेल मागत नाय.

"बाई, तेल भरपूर आहे, पाणीच नाय. दिवसभरात पिता किती?"

"शाळेत? गोळीबरोबर एक घोट."

"का?"

बाईंनी आवाज बारीक केला. "संडासाच्या दाराला कडी नाय गो."

मी म्हटलं, "बाई, तुमाला क्रीम नको, शाळेला कडी पायजे!"

*

आमच्या गावाला सरपंच बाई आहेत. म्हणजे कागदावर. कारभार त्यांचे मालक बघतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. एकदा सरपंच बाईंना माझ्या दुकानातनं न्यायला भाऊ आले आणि दारातूनच भाषण सुरू. "या बायका पाणी पीत नाहीत, हाच प्रॉब्लेम! आळस, दुसरं काय?"

बोलता बोलता बाटली रिकामी केली आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्याच भिंतीवर ग्रामपंचायतीने स्वच्छतेचा संदेश रंगवलाय. अक्षरं अर्धी गेलीत.

*

सुगंधा धसईच्या बाजूची, बाजारात भाजी विकायला बसते. भुवया करायला ती कशाला येईल? फाटलेल्या ओठांना काय लावू, विचारायला आली होती.

"तूप लाव आणि पाणी पी."

"डॉक्टर पन तेच बोलला. मुतखडा झालाय. पानी पी, नायतर ऑपरेशन. पन पानी पिऊन जाऊ कुठं?"

"माझ्याकडं ये की."

"तुझ्यापातुर येईस्तो भाजी कोन राखील? आनि मी एकटी हाय का? बाजारात सगळ्याच सकाळपासून सुक्या बसतात गो."

मला रागच आला. कारण तिच्या टोपल्यापासून हाकेवर बायकांचा संडास बांधून तयार होता. गुलाबी फरशी, दारावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र, आणि ह्या एवढ्या मोठ्या बाईला तेवढंच मोठं कुलूप! तालुक्याचे साहेब उद्घाटनाला येणार, म्हणून चावी भाऊंच्या खिशात. साहेबांना टाइम मिळत नव्हता. सुगंधा रात्री कळांनी तळमळत होती.

*

शेवटी साहेबांची तारीख मिळाली. सरपंच बाई फेशियलला आल्या. फोटोत ग्लो पायजे ना! वर तेल, आत दुष्काळ. त्वचा म्हणजे शाळेतल्या बाईंच्या त्वचेचीच बहीण.

"फेशियलनं काय होनार नाय," मी म्हटलं. "रोज पाणी प्या. आणि उद्घाटनाच्या दिवशी तर सकाळपासून बाटली हातातनं सोडायची नाय."

बाईंनी मनापासून ऐकलं. त्या दिवशी संडासासमोर मांडव, दारावर लाल फीत, आणि खुर्चीत बाई अशा टवटवीत, की मलाच अभिमान वाटला. फक्त साहेब येईनात. ऊन चढलं. बाई खुर्चीत एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर.

"अवो, चावी द्या," त्या भाऊंच्या कानाशी लागल्या.

"येडी का काय? साहेब आल्याबिगर उघडायचं नाय!"

"मी सरपंच हाय."

"म्हनूनच गप बस."

बाई गप बसल्या नाहीत. उठल्या, मांडवातनं बाहेर पडल्या आणि थेट सुगंधाच्या टोपल्यापाशी गेल्या. "सुगंधे, तुझं दोन किलोचं वजन दे बघू."

दोन घाव. कुलूप खाली. फीत कापायला बाई थांबल्याच नाहीत, गळ्यात घेऊनच आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर असं तेज, की माझ्या कुठल्याच क्रीमने आजवर आलं नाय! मागे बाजारातल्या बायकांची लाईन लागलेली, पहिली सुगंधा. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेब कात्री घेऊन उतरले. भाऊंच्या हातात नुसती चावी.

सुगंधा पदराला हात पुसत बाहेर आली. सरपंच बाईंच्या हातातली बाटली तिने घेतली, साहेबांच्या समोरच तोंडाला लावली आणि गटागटा रिकामी केली.

"आनखी हाय का गो?"