पार्सेतलं नसलेलं शेत

शनिवारी सकाळी नऊ वाजता ऑफिसात फोन आला. मुळगावच्या एका शाळेतल्या टीचर बोलत होत्या.

"सर, आजच्या पुरवणीत पार्सेचं सेंद्रिय शेत आलंय ना, तिथं उद्या सहावीच्या मुलांना नेतेय. बस आतपर्यंत जाते का?"

पत्ता बघून कळवतो म्हणालो आणि फोन ठेवला. पत्ता नव्हता. शेतही नव्हतं.

वृत्तपत्रात पान आधी आखतात. लेख यायचा असेल तर त्याच्या जागेत कामचलाऊ मजकूर भरतात, म्हणजे किती ओळी बसतील ते कळतं. त्याला डमी म्हणतात. बहुतेक जण एकच वाक्य वीसदा चिकटवतात. मी तिथं माझं शेत लिहीत असे. निवृत्तीनंतर घ्यायचं म्हणून डोक्यात असलेलं. पार्सेत दोन हजार चौरस मीटर. दगडी विहीर, तिला सतरा पायऱ्या. हरमल मिरचीचे चार वाफे, तांबडी भाजी, अळसांदे, केळी, एक गाय. मालक सकाळी सोप्यावर बसून चहा पितात. मालकाचं नाव दिलं नव्हतं. तेवढी लाज शिल्लक होती.

दर आठवड्याला त्यात थोडी भर पडायची. या खेपेला काजूवरचा लेख दुपारी तीनला मेलवर आला आणि मेलवरच राहिला. पान डमीसकट छपाईला गेलं. शेवटचं प्रूफ मीच वाचलं होतं. मजकूर आवडला. एक स्वल्पविराम घातला.

संपादकांनी पान समोर ठेवलं.

"सतरा पायऱ्या? तुझ्या बातमीत एवढा तपशील कधी नसतो."

"सोमवारी खुलासा छापू या, सर."

"छापूच. पण तोवर एक जरी माणूस या शेताच्या शोधात पार्सेत भटकला, तर पुरवणी तुझ्याकडे राहणार नाही."

पुरवणी मी अकरा वर्षं सांभाळत होतो. टीचरना फोन लावला आणि खरं ते सांगितलं.

"नाही म्हणजे?" त्या म्हणाल्या. "शेताच्या सहलीला हेडमास्तरांनी तीनदा नको म्हटलं होतं. छापून आलंय म्हणून चौथ्यांदा हो म्हणाले. पालकांच्या सह्या आधीच झाल्यात. मला उद्या शेत हवं, कुठलंही. आणि हे मुलांना मी सांगणार नाही. तुम्ही या आणि सांगा."

स्कूटर घेऊन पार्सेला गेलो. चौकशी केल्यावर सगळ्यांनी एकच घर दाखवलं. सुमतीकाकी मिरचीच्या वाफ्यात वाकून गवत काढत होत्या. खत घरच्या गाईचं, बी घरचं. आपल्या शेतीला सेंद्रिय म्हणतात हे त्यांना कोणीतरी अलीकडेच सांगितलं होतं.

"सकाळपासना गावच्या चार जणांनी इचारलां, पेपरातलां ह्यां शेत कोणाचां?" त्या म्हणाल्या. "मी पण शोधतंय."

मी कबुली दिली आणि मुलांना इथं आणू का विचारलं. त्या कमरेवर हात ठेवून हसल्या.

"पोरांक घेवन ये. पण लिवलंस तां पोरांसमोर वाचूक होयां."

रविवारी बस आली. चौतीस मुलं बांधावर ओळीनं उभी राहिली. मी आधी सांगितलं की लेखातलं शेत खोटं आहे, मग वाचायला लागलो. दुसऱ्याच वाक्याला काकींनी हात वर केला.

"विहीर खाली, केळी वर. पाणी कोण चढवतलो? तुझो संपादक?"

मुलांनी वह्या काढल्या.

"गाय मोकळी, भाजीक वय नाय. म्हणजे भाजी गायीची." वय म्हणजे कुंपण, हे टीचरनी सांगितलं. "आणि माकडां खंय गेली?"

माकडं मी लिहिली नव्हती. डुकरं, मोर, साळिंदर, काहीच नव्हतं. माझ्या शेतात मीच एकटा राहत होतो.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं बोट वर केलं.

"सर, तुमच्या शेतात काम कोण करतं?"

मी कागद पुन्हा पाहिला. सगळ्या लेखात काम करणारं माणूस एकही नव्हतं.

"लिही गो बाय," काकी म्हणाल्या. "हीच सगळ्यात मोठी चूक." मग माझ्या हातात कुदळ दिली. वीस मिनिटांनी परत घेतली. वाफ्याची काळजी वाटली म्हणून घेतली, माझी नव्हे. हे त्यांनी सर्वांदेखत स्पष्ट केलं.

सोमवारी खुलासा गेला: 'सदर शेत पार्से येथे नाही. अन्यत्रही नाही. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' त्याखाली सहावीच्या वर्गानं काढलेल्या चौदा चुका, क्रमवार. काकींच्या अंगणात काढलेला वर्गाचा फोटोही दिला. हेडमास्तरांनी तो अंक शाळेच्या फळ्यावर लावल्याचं टीचरनी कळवलं.

"भटकलं कोणी?" संपादकांनी विचारलं.

"नाही, सर. सगळे नीट पोचले."

पुरवणी माझ्याकडे राहिली. धडा एवढाच की ज्या गोष्टीची ओढ असते, तिच्यातल्या चुका आपण स्वतः तपासू नयेत. संपादकांनी त्याचा नियम केला: शेतीवरचा लेख छापण्याआधी शेतकऱ्याला वाचून दाखवायचा. आता दर बुधवारी मी काकींना फोन करतो. त्या गाईची धार काढता काढता ऐकतात. पहिल्या वाचनात अजून एकही लेख पास झालेला नाही.