केदारखेडा : चुन्याच्या भिंतीपुढचा फोटो

रविवार, १८ नोव्हेंबर २००७. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. जालन्याच्या स्टँडवर मी कॅमेऱ्याचे सेल तिसऱ्यांदा काढून बसवत होतो. कॅमेरा मित्राचा, डिजिटल. केदारखेड्याच्या मावशीचा निरोप होता, माझ्या सुमनचा फोटो काढायला ये. सोमवारी मध्यस्थ तो परतूरच्या स्थळाकडे नेणार होते.

एसटीचे तिकीट बावीस रुपये. राजूरला गाडी दहा मिनिटे थांबते; भजी गरम मिळतात, पाच रुपये प्लेट. पुढे रस्ता उखडलेला आहे, कॅमेरा मांडीवरच ठेवावा.

घरात उजेड कमी. तिथे कॅमेरा आहे तेवढाच उजेड ओढून वाढवतो, त्यामुळे चेहऱ्यावर रव्यासारखे दाणे आले. म्हणून अंगणात गेलो. मावशीने फोटोसाठी मुद्दाम भिंतीला चुना दिला होता. फोटोत भिंत राखाडी आली आणि सुमन काळीठिक्कर.

मावशी म्हणाली, "येवढी काळी कुठंय रं माझी पोरगी? तुझ्या मशीनीलाच दिसत न्हाई."

पांढरे जास्त दिसले की कॅमेरा ऊन फार समजून उजेड कापतो. मग मागे काळी घोंगडी टांगली, तर उलटे झाले. सुमन दुधासारखी गोरी. मावशी खूश, हाच दे म्हणाली.

सुमन कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत राहिली. दिवाळीआधी दुसऱ्या एका स्थळासाठी स्टुडिओवाल्याने असाच उजळ फोटो दिला होता.

"दादा, ह्यो न्हाई द्यायचा," ती म्हणाली. "ते लोक फोटो पाहून आल्ते. मंग मला पाहून नुसता चहा पिऊन गेले."

मावशीने उठून घोंगडी उतरवली.

त्याच उन्हात कडब्याची गंजी होती, ना पांढरी ना काळी. तिच्यावर कॅमेरा रोखून बटण अर्धे दाबले आणि बोट न उचलता सुमनकडे वळून फोटो काढला. बटण अर्धे दाबून धरले की कॅमेरा उजेड आणि अंतर गंजीवरून घेतलेलेच धरून ठेवतो. गंजी आणि सुमन दोन्ही सात पावलांवर हवीत, नाहीतर फोटो धूसर येतो. तुम्हीही करून पाहा.

मावशीने पदराने पडदा पुसला आणि बराच वेळ पाहिले. "बराबर. हीच हाय," म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी. दोन भाकऱ्या जास्तच झाल्या.

संध्याकाळी जालन्यात प्रिंट काढली, दहा रुपये. दुकानदार सवयीने चेहरा उजळ करायला लागला. त्याला राहू द्या म्हटले. परत येऊन दार लावल्यावर हिशेब केला : जाणे-येणे, भजी, प्रिंट मिळून एकोणसाठ रुपये. परतूरहून काय निरोप येईल याची धाकधूक आहे. पण आता होकार आला तरी तो सुमनला असेल, आणि नकार आला तरी सुमनलाच.