ओवाळणीचे फ्रीव्हील

"उतरू कशाले? बोल ना, ऐकून राहिले मी."

आत्या हे सायकलवरूनच म्हणे, आणि तेव्हा सायकल उभी असे. दोन्ही पाय पेडलवर, हँडल किंचित तिरपे, चाक दोन इंच पुढे, दोन इंच मागे. बुधवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत तिला कुणीही हाक मारावी, ती अशीच तोल सांभाळत बोलत राही. जमिनीला पाय टेकताना मी तिला क्वचितच पाहिले. नात्याने ती समोरच्या घरातल्या मुलाची आत्या. पण तिला आत्या सगळी गल्लीच म्हणत असे.

तुमच्या-माझ्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. आपण पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि ती ओळखीची टिकटिक ऐकू येते. आत्याच्या सायकलीत ही सवलत नव्हती. वीसेक वर्षांपूर्वी शाळेतून परतताना तिचे फ्रीव्हील निकामी झाले आणि मिस्त्रीने ते चाकाच्या मधल्या हबलाच वेल्ड करून दिले. "दो दिन चलाओ मॅडम, नया पार्ट मंगवाता हूँ." नवा पार्ट आला तेव्हा आत्याने तो घेतला नाही. चाक फिरले की पाय फिरणार, पायांनी उलट दाब दिला की चाक थांबणार, हा व्यवहार तिला पसंत पडला होता. ब्रेकच्या सळ्या खडखडतात म्हणून तिने त्याही काढून टाकल्या.

त्या सायकलीवर ती रोज निंबोल्याच्या शाळेत गणित शिकवायला जाई आणि रविवारी चांदनी गावापर्यंत जाऊन येई. कॉलेजात असताना एका रविवारी मीही माझी गिअरची सायकल घेऊन तिच्यासोबत गेले. अर्ध्या वाटेत माझी दमछाक झाली. तिचे पाय घड्याळासारखे चालू होते. मोटारसायकलवरचे दोन तरुण शेजारून जाताना ओरडले, "आंटी, इलेक्ट्रिक ले लो!"

"तेरी चार्जिंग उतरी तो आवाज देना," आत्या म्हणाली, "धक्का मार दूँगी."

उतार लागल्यावर मी पाय सोडून दिले. तिचे मात्र फिरतच होते. "आत्या, उताराला तरी विश्रांती घ्या," मी म्हटले. ती हसली. "विश्रांतीले घर आहे ना माय. रस्त्यावर कशाले?"

इथवर मी तिच्याबद्दल मायेने लिहू शकते. पुढचे तसे लिहिता येत नाही.

गेल्या राखीच्या आधी समोरच्या घरातला तो तिचा भाचा इंदूरहून आला होता. मीही सुट्टीवर होते. त्याने मला ओट्यावर गाठले. "तू तर सायंटिस्ट आहेस. सांग, बिनाब्रेकची सायकल सेफ आहे का?" मी विजेच्या बिलाच्या पाठीवर वेग आणि उतार धरून गणित मांडले, थांबायला लागणारे अंतर काढले आणि नाही म्हणून सांगितले. कुणीतरी आपले मत विचारावे याचा मला मोह पडला होता. ज्यांचा प्रश्न होता त्या बाई समोरच्याच घरात वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांना विचारावे असे आम्हा दोघांनाही सुचले नाही.

राखीच्या सकाळी मी त्यांच्याकडेच होते. आत्याने दादांना, म्हणजे थोरल्या भावाला, ओवाळले. दादांनी अंगणाकडे बोट दाखवले. सायकलीला नवा रंग, नवे मागचे चाक, त्यात फ्रीव्हील आणि हँडलला दोन ब्रेक. "आता पाय थकले की सोडून द्यायचे," दादा म्हणाले. "साठी आली गं तुझी."

आत्याने सायकलीचा मागचा भाग उचलला आणि पेडल उलटे फिरवले. ते गरगर फिरले. चाकाला त्याची खबरही नव्हती. तिने सायकल खाली ठेवली.

"छान आहे, दादा."

ओवाळणी परत करता येत नाही. तेवढ्यावर न थांबता, भावाचे मन राखावे म्हणून, ती त्याच दुपारी त्या सायकलीवर बाहेर पडली. निंबोल्याच्या अलीकडच्या उतारावर केळीच्या बागेतून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसह आडवा रस्त्यावर आला. तिच्या डाव्या खुब्याचे हाड मोडले.

तेव्हापासून गल्लीचे निदान ठरलेले आहे. "ब्रेक होते ना? मग दाबले का नाहीत?" "भावाने एवढं करून दिलं, तरी!" "बाईमाणसाने या वयात सायकल चालवायचीच कशाला?" हे ऐकले की माझे डोके फिरते. वीस वर्षे जो ब्रेक पायांत होता, तो एका रात्रीत काढून हातांत दिला गेला, आणि सरावाला एक दिवसही दिला नाही. कारखान्यात कुणी हे केले असते तर चौकशी बसली असती. घरात केले, म्हणून त्याला माया म्हणतात. आणि या मायेला आकडे मी पुरवले होते. माझा राग माझ्यापाशी येऊनही थांबत नाही.

हॉस्पिटलात तिने मला सांगितले, "ब्रेक आहेत हे ठाऊक होतं गं. पण पाय मागे दाबले, अन् तिथं काहीच नव्हतं."

मी तिला बिलामागच्या गणिताची हकिकत सांगितली. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. तिने शाळेतल्या आवाजात विचारले, "रीत बरोबर होती?"

"हो."

"मग उत्तरही बरोबर असेल. पण उदाहरण माझं होतं ना? मले दाखवलं नाहीस."

मी म्हटले, मी आजच दादांना सगळे सांगते. तिने माझे मनगट धरले. "दादाले एक शब्द बोलायचा नाही. तो जेवणार नाही मग. मी पडले ते माझ्या चुकीनं पडले, समजलं?"

मला समजले नव्हते. तरी मी मान डोलावली, आणि अजून त्या होकाराची मला चीड येते.

पुढे भाच्याने तिला इंदूरला न्यायचे ठरवले. निघण्याच्या आदल्या दिवशी मी गेले तेव्हा ती घरी पलंगावर होती आणि दादा पायथ्याशी बसले होते. "हिला कितीदा सांगितलं, सायकलीचा हट्ट सोड," ते मला म्हणाले. "ऐकते का?" आत्या छताकडे बघत होती.

गल्लीत कुणीतरी मोटारसायकलचा ब्रेक करकचून दाबला. चादरीखाली आत्याचा उजवा, धडधाकट पाय ताठरला आणि जोराने मागे दाबला गेला.

"काय गं, कळ आली?" दादांनी घाबरून विचारले.

"हो, दादा," माझ्याकडे न पाहता ती म्हणाली. "जराशी आली."

दादा वाकून तो पाय चेपू लागले.