खर्जातला राजा

मांडवीच्या आमच्या हौशी नाटक मंडळीतली चार माणसं कुठंही जमली, की कुणीतरी माझा किस्सा काढतोच. बोलपट रत्नागिरीत पोचायच्या आधीचे ते दिवस. मी कोर्टात कारकून. आवाज इतका खाली, की नायकाची पदं कधी वाट्याला आलीच नाहीत. दैत्य, शाप देणारे ऋषी, दुष्ट राजे, एवढंच माझं राज्य.

मंडळीत गेलो त्या दिवशी नानामास्तर म्हणाले, "गा बघू." तालीम तेच घ्यायचे, पेटीही तेच वाजवायचे. मी खर्ज लावला. मास्तरांनी हात थांबवला, वाकून पेटीच्या भात्याला कान लावला आणि म्हणाले, "फाटला वाटतं." मी गायचा थांबलो तेव्हा त्यांना उलगडा झाला. दैत्याचा पार्ट मला तिथंच मिळाला.

दैत्य म्हणजे विकट हास्य, अशी माझी पक्की समजूत. ते मी परसात विहिरीपाशी घोटायचो. एके दिवशी शेजारच्या वहिनी वाटीत ओवा घेऊन आल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "भावोजींना दे. कालपासून कळा येतायत ना?" बायकोनं काही खुलासा केला नाही. ओवा मात्र ठेवून घेतला.

मग मी समुद्रावर जाऊ लागलो. लाटांच्या वर आवाज चढवायचा बेत होता. तिथं एक म्हातारा खारवी जाळं सुकत घालत होता. बराच वेळ त्यानं ऐकून घेतलं आणि जवळ येऊन समजुतीनं म्हणाला, "भाऊ, बोट गेली. आता कितीही ओरडलात तरी मागं नाय यायची. उद्याच्या बोटीनं जा."

पुढं एका दुष्ट राजाचं काम आलं. मुलगी आपल्या मनानं लग्न करते, म्हणून हा तिला हाकलून देतो. मुलीचं काम विनायक करायचा. तो शाळेत ड्रॉइंग शिकवायचा, पण लुगडं माझ्या बायकोपेक्षा चापून नेसायचा. तालमीत मास्तरांनी मला विचारलं, "ह्या राजाला होतंय तरी काय?"

"राग आलाय."

"कुणाचा?"

"मुलीचा."

"मग तो तिच्याकडे बघत का नाही?"

"मास्तर, मी प्रॉम्प्टरकडे बघत असतो."

त्याच नाटकाचा प्रयोग पालीच्या उत्सवात लागला आणि नेमका माझा घसा बसला. विनायक पायाशी बसून रडत होता. मला गर्जना करायची होती. आवाजच फुटेना. प्रॉम्प्टर सांगत होता, पण मी विनायकाकडे बघत राहिलो आणि कसंबसं पुटपुटलो, "जा." पद राहूनच गेलं. मंडपात पुढं बसलेला एक म्हातारा शेतकरी उठला, पंचा खांद्यावर टाकला आणि चालता झाला. विंगेत मी विनायकाला म्हटलं, "बघ, आता माणसं उठून जायला लागली."

प्रयोगाच्या तिसऱ्या दिवशी, उत्सव आटोपून, आम्ही पालीच्या बाजारात परतीच्या मोटारीची वाट बघत होतो. तो म्हातारा आला. बरोबर एक बाई, तिच्या कडेवर पोर.

"राजे तुमीच ना?"

मी मान हलवली.

"ही माझी मुलगी. मनानं लगीन केलान, म्हणून मी दार बंद केलं होतं. काल जाऊन घेऊन आलो." मग तिला म्हणाला, "पाया पड."

ती वाकली. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. घसा अजून तसाच.

म्हातारा म्हणाला, "नको बोलू, राजा. बोललास तेवढं पुरं झालं."