पदराच्या गाठीतले खडू

ड्रायरचं गोल दार उघडलं आणि गिरजाबाईंना बालवाडीचा वास आला.

क्षणभर त्यांना बरंच वाटलं. गरम मेणाचा, किंचित गोडसर, नाकात रेंगाळणारा वास. सारसोळ्याच्या देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी असाच वास भरून राहायचा. पोरं जेवून सतरंजीवर आडवी झालेली असायची, खाडीवरून खारा वारा यायचा आणि स्टोव्हवर डब्यात रंगीत मेणखडू वितळत असायचे. गिरजाबाई दारापाशी वाकून तशाच हसत उभ्या राहिल्या. मग त्यांनी आत हात घालून साडी बाहेर ओढली.

साडी पांढरी होती, म्हणजे आत घातली तेव्हा तरी होती. आता तिच्यावर निळे, नारिंगी, जांभळे डाग पडले होते. कुठे ठिपके, कुठे ओघळ, कुठे नुसते फराटे. दुसरी साडी ओढली, तीही तशीच. आतल्या स्टीलच्या पिंपावरही रंगांचे पट्टे ओढलेले.

पहिली साडी त्यांची स्वतःची होती. तिचा पदर हाताला लागला, तेव्हा टोकाशी गाठ जाणवली. नखांनी ती सोडली. आत खडूंवरचे कागदाचे चिमुकले वेढे तेवढे उरले होते.

गिरजाबाई मटकन खाली बसल्या.

ही गाठ मारायची सवय जुनी. महाडकडच्या गावातून लग्न होऊन त्या नेरूळला आल्या, नवरा जासईच्या कंटेनर यार्डात लागला आणि त्या सारसोळ्याच्या बालवाडीत मदतनीस झाल्या. पोरं कोळ्यांची. चित्र काढा म्हटलं की सगळी होड्याच काढायची, म्हणून निळा खडू सगळ्यांत आधी संपायचा. पांढरा मात्र वर्षभर अख्खा राहायचा, त्याच्यासाठी कुणी भांडायचंच नाही. खडूचे तुकडे जमिनीवर पडायचे, पायाखाली येऊन फरशीला चिकटायचे, एखादं धाकटं पोर ते तोंडात घालायचं. म्हणून गिरजाबाई वाकून वाकून ते वेचायच्या आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवायच्या. संध्याकाळी गाठ सुटायची, तुकडे डब्यात जायचे. डबा भरला की बयाबाई, म्हणजे बालवाडीच्या बाई, ते वितळवून त्यांचे नवे खडू करायच्या. बाजारात न मिळणारे, एका अंगाला हिरवे, दुसऱ्या अंगाला तपकिरी. पोरांना तेच जास्त आवडायचे.

गाठ सोडायला कधी विसर पडला तरी बिघडत नसे. तेव्हा धुणं दगडावर, थंड पाण्यात. खडू भिजायचा, वाळायचा, जसाच्या तसा. ही ड्रायरची गरम हवा तेव्हा होती कुठे?

मागच्या रविवारी विहारात लहान मुलांना चित्रं रंगवायला दिली होती. नात संघमित्राही त्यांच्यात होती. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी फरशीवर खडूंचा सडा घातला आणि गिरजाबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला.

स्वतःच्या साडीचं काही नव्हतं. दुसरी साडी बयाबाईंची होती.

उद्या बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना बयाबाई घेणार होत्या आणि त्यासाठी त्यांनी हीच साडी काढली होती. बालवाडी बंद झाली तेव्हा सारसोळ्याच्या आयांनी मिळून दिलेली पांढरी सुती साडी, निळ्या काठाची. बाई विहारात जाताना काय नेसतात हे त्या बायांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी हौसेने तसलीच शोधून आणली. बयाबाई ती वर्षातून एकदा नेसायच्या. आणि गिरजाबाईंनीच परवा विहाराच्या पायरीवर ती मागून घेतली होती. "द्या बाई माझ्याकडे. तुमच्या गॅलरीत कुठे ऊन येतं? आमच्या सुनेनं जयंतीला ड्रायर घेतलाय. तासाभरात कोरडी करून देते!"

बाकीच्या बायका ऐकत होत्या, म्हणून आवाज जरा मोठाच निघाला होता.

संध्याकाळी बयाबाई साडी न्यायला येणार होत्या. गिरजाबाईंनी दोन्ही साड्या पुन्हा ड्रायरमध्ये कोंबल्या आणि दार लावून टाकलं. बंद दाराकडे त्या बघत राहिल्या.

"आई, वास कसला येतोय?" शुभदा, त्यांची सून, कानांवरचा हेडफोन काढत आतल्या खोलीतून आली. ऑफिसचं काम ती घरूनच करायची. "वायर जळतेय का?"

"नाही गं. काही नाही."

"काही नाही कसं? उठा बघू." तिने दार उघडलं. साडी बघितली, पिंप बघितलं, सासूचा चेहरा बघितला. पहिल्यांदा तिने प्लग काढला. "कुणाची आहे ही?"

"बाईंची."

"बयामावशींची? ती साडी?"

गिरजाबाईंनी नुसती मान हलवली. आता ही म्हणणार, आई, उद्यापासून तुम्ही मशीनला हात लावू नका. त्या वाट बघत राहिल्या.

शुभदा म्हणाली, "मीच तुम्हाला सांगायला हवं होतं, आधी खिसे बघायचे म्हणून."

"मला खिसे कुठे आहेत?" गिरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराचं टोक वर केलं.

शुभदाला हसू आवरेना. हसता हसताच ती बर्फ आणायला गेली.

दोघी कामाला लागल्या. जाड डागांवर बर्फ फिरवून मेण कडक केलं आणि चमच्याच्या मागच्या बाजूने हलकेच खरवडलं. मग इस्त्री. शुभदाने मोबाइलवर बघून ठेवलं होतं की डागाच्या खाली-वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरतं. तिने पेपर उचलला.

"पेपर नको गं, शाई लागेल."

"अरे हो! मग?"

संघमित्रा इतका वेळ दारात उभी होती. ती आत गेली आणि आपली चित्रकलेची वही घेऊन आली. "मागची पानं घ्या. पुढे माझा हत्ती आहे."

इस्त्रीखाली कोऱ्या पानांवर रंग उतरू लागले. निळ्याचं तळं, नारिंगीची ठिणगी. संघमित्रा एकेक पान उचलून उजेडात धरी आणि हे कासव, ही छत्री, असं नाव ठेवी. गिरजाबाईंना वाटलं, सारसोळ्याची पोरं असती तर प्रत्येक पानात होडीच दिसली असती.

मेण निघालं, पण रंगाची छटा राहिलीच. डागांना भांडी घासायचं लिक्विड चोळलं आणि मोठं पातेलं गॅसवर चढवलं. पाण्यात धुण्याचा सोडा टाकला.

"काठाचा रंग नाही ना जाणार?" शुभदाने विचारलं.

"नाही. बाई गरम पाण्यातच धुतात ती."

आधी बयाबाईंचीच साडी बुडवली. पाणी उकळलं तसं उरलंसुरलं मेण सुटून वर आलं. बारीक बारीक थेंब, रंगीत, तुपासारखे तरंगणारे. गिरजाबाईंनी गॅस बंद केला. आता ढवळायचं नाही, मेण वर थिजू द्यायचं, मग एकदम काढायचं. बालवाडीत डबा कलंडून खडूचं मेण पाण्यात सांडलं होतं, तेव्हा बाईंनी असंच केलं होतं. सगळी पोरं डब्याभोवती गोल करून बसली होती, थंड होईपर्यंत कुणी हललं नव्हतं. त्या दिवसासारखी शांतता पुन्हा त्या खोलीत कधी झाली नाही.

आणि तेवढ्यात बेल वाजली.

"मावशी असतील," शुभदा म्हणाली. "सांगू, अजून वाळतेय म्हणून?"

गिरजाबाईंच्या मनात तेच आलं होतं. पण उत्तर द्यायच्या आत संघमित्राने दार उघडलं. बयाबाई आत आल्या, चप्पल काढता काढताच थांबल्या आणि त्यांनी नाक वर केलं.

"गिरजे, कांड्या वितळवायलीस का काय गं?"

बयाबाई बीडकडच्या. इतकी वर्षं नेरूळमध्ये काढली तरी बोलणं तिकडचंच होतं. खडूला त्या कांडीच म्हणत.

"बाई," गिरजाबाई म्हणाल्या, "तुमची साडी खराब केली मी." आणि न थांबता त्यांनी सगळं सांगून टाकलं. गाठ, खडू, ड्रायर. गॅलरीत ठेवलेली स्वतःची डागाळलेली साडीही आणून समोर पसरली.

बयाबाईंनी ती हातात घेतली. निळा, जांभळा, नारिंगी. "अगं माय, विहारावरचा पंचशील ध्वजच केलास की! आन् माझी?"

"पातेल्यात."

बयाबाईंचं हसू गेलं. त्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. पातेल्यात पाण्यावर मेणाची साय धरत होती, तिच्याखाली निळा काठ दिसत होता. शुभदा उगाच इस्त्रीची वायर गुंडाळत राहिली.

"सारसोळ्याच्या त्या भागीरथीनं निवडला होता हा काठ," शेवटी बयाबाई म्हणाल्या. "मासळीची पाटी डोक्यावर घिऊन दुकानात गेली होती. दुकानदार आत घेईना तिला."

"माहीत आहे, बाई. म्हणून तर..." गिरजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"रडू नको. मेण थिजलं का बग आधी."

थिजलं होतं. बयाबाईंनी झाऱ्याने ते अलगद उचललं. पातळ, ठिगळाठिगळाची, रंगीत पापडीच. मग दोघींनी साडी दुसऱ्या पाण्यात काढली, खळबळली आणि दोन टोकांना धरून पिळली. बाई उजवीकडे पीळ देणार, गिरजाबाई डावीकडे. सतरंज्या पिळायची सवय होती, सांगावं लागलं नाही.

तोवर शुभदाने ड्रायरचं पिंप केस वाळवायच्या यंत्राने कोमट करून साबणाच्या फडक्याने पुसून काढलं होतं. मग जुना ओला टॉवेल आत फिरवून बघितला. पहिल्यांदा त्याला निळं लागलं. पुन्हा पुसून फिरवला, तेव्हा तो स्वच्छ बाहेर आला.

साडी उजेडात धरली. पांढरी होती. फक्त मध्यावर, निऱ्या येतात तिथे, हातभर लांबीची फिकट नारिंगी सावली राहिली होती.

"ही दोरीवर वाळवूया," गिरजाबाई म्हणाल्या. "पंख्याखाली."

"का? तासात वाळवून देणार होतीस ना? साऱ्या विहाराला ओरडून सांगितलंस."

"मावशी, डाग असताना आत घातली तर तो पक्का बसेल," शुभदा म्हणाली. "परवा पुन्हा एकदा उकळून बघू, जाईल."

"बसू दे की." बयाबाईंनी त्या सावलीवरून बोट फिरवलं. "बालवाडीत असताना माझी एक तरी साडी बिनडागाची होती का गं, गिरजे? पोरं हात पुसायची, नाक पुसायची, कांडीनं रेघा मारायची. ही एकटीच कोरी राहिली होती. बालवाडी बंद झाल्यावर आली ना." त्यांनी साडी शुभदाच्या हातात दिली. "घाल आत. निऱ्यांत जाईल, कुणाला दिसतंय!"

शुभदाने साडी आत ठेवली. पण दार लावायच्या आधी बयाबाईंनी तिला थांबवलं, पदराची दोन्ही टोकं चाचपून बघितली आणि मगच मान हलवली. ड्रायर फिरू लागला. गोल काचेतून पांढरं, निळं, पांढरं दिसत राहिलं.

संघमित्रा मेणाच्या पापडीसाठी हट्ट धरून बसली. "उद्या वंदना झाल्यावर डबा आन, कांडी करून देऊ," बयाबाई तिला म्हणाल्या. "आमच्या गिरजेला येतंय सगळं."

पापडीचे तुकडे ओट्यावर पडले होते. गिरजाबाईंनी ते गोळा केले, मुठीत घेतले आणि बोलता बोलता पदराचं टोक पुढे ओढून त्यात बांधायला लागल्या.

"गिरजे!" बयाबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली.