लग्नपत्रिकांवरची सूची

अण्णांशी मी एकदाच खोटं बोललो, आणि तेही एका शब्दात. त्यांनी विचारलं होतं, "सर, मागची बाजू बी घेतलीसा न्हवं?" मी म्हणालो, "हो." तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत होतो. मान वर केली असती तर कदाचित खरं बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे... तेही खरं नसावं. पावणेदोन महिन्यांपूर्वी एका सकाळी वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अण्णा गेल्याचा निरोप आला. त्याखाली हात जोडलेली चित्रं येत राहिली. मला फक्त तो 'हो' आठवत होता.

अण्णा शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या वाचनालयात शिपाई होते. कागदावर शेवटपर्यंत शिपाईच. शिक्षण सातवी. मी मराठीचा नवखा प्राध्यापक होतो आणि संगीत नाटकांच्या काळातल्या एका मोठ्या नाटककारावर पीएच.डी. करायला घेतली होती. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण हा लेख त्यांच्यावर नाही. ग्रंथपालांनी छापील नाटकं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, बाकीचं अण्णांना विचारा. मला वाटलं, कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतील. अण्णा टेबल पुसत होते. नाटककाराचं नाव ऐकल्यावर त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "कुठनं सुरू करायचं? छापलेलं बघणार, का लोकांच्या घरातलं?"

मग त्यांनी माळ्यावरून चपलांची तीन खोकी काढली. त्यांत उभी लावलेली कार्डं होती. बारीक, गोल अक्षर. एका कार्डावर एकच गोष्ट. कुठल्या मासिकाच्या कुठल्या अंकात कुठल्या प्रयोगाचं परीक्षण आलं, तो अंक कुठल्या गावच्या ग्रंथालयात आहे, त्याची किती पानं शाबूत आहेत. एक कार्ड मला अजून पाठ आहे: 'पहिली आवृत्ती. पुण्यात आहे, शेवटची आठ पानं उंदरांनी खाल्ली. ती आठ पानं मलकापुरात, घरगुती.' विद्यापीठातल्या कोणत्याही सूचीत ही आठ पानं नव्हती. रविवारी एसटीनं गावोगाव फिरून, लोकांचे माळे धुंडाळून एका माणसानं ती शोधली होती, आणि सोमवारी तोच माणूस वाचकांना पाणी देत होता.

"हे सगळं कशासाठी केलंत?" मी विचारलं.

"माझा आज्जा नाटक कंपनीत पडदा वडायचा," अण्णा म्हणाले. "त्यानं सारी नाटकं पडद्यामागनं ऐकली. म्हटलं, आपण जरा म्होरनं बघावं."

पुढे काही वर्षांनी जुनी पुस्तकं इंटरनेटवर येऊ लागली. मी लॅपटॉप घेऊन वाचनालयात गेलो. मनात थोडी फुशारकीही होती. म्हटलं, अण्णा, आता एसटीची गरज नाही, सगळं घरबसल्या मिळतं. त्यांनी चष्मा पुसला आणि मला एकेक पान पुढे सरकवायला लावलं. तिसऱ्या अंकाशी थांबले. "हितला एक प्रवेश गेलाय. ही दुसरी आवृत्ती हाय सर, वर पान पहिलीचं डकवलंय." मी ताडून पाहिलं. तसंच होतं. पण त्यांनी इंटरनेटला नाव ठेवलं नाही. उलट कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं: 'संगणकावर मिळते. एक प्रवेश कमी.' माझ्या सगळ्या पदव्या त्या चार-पाच शब्दांपुढे मला हलक्या वाटल्या.

कोरं कार्ड म्हणजे लग्नपत्रिका. एका बाजूला छापील मजकूर, दुसरी कोरी. वाचनालयाकडे कार्डं मागायची तर अर्ज, बैठक, ठराव... म्हणून काटकसर करत असतील, असं मी धरून चाललो. वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात मूल्यांकनाची समिती येणार होती. काहीतरी डिजिटल दाखवायला हवं होतं. मी अण्णांकडून तिन्ही खोकी मागून आणली. हाताच्या अक्षराची बाजू तेवढी स्कॅन केली. मागच्या बाजूला चि. आणि चि. सौ. कां. यांचे शुभविवाह, ते कशाला हवेत? यादी इंटरनेटवर चढवली. संकलक म्हणून माझं नाव. खाली बारीक अक्षरात 'वाचनालयाचे कर्मचारी यांचे आभार'. नंतर विभागाची खोली रंगवायला काढली आणि रद्दीबरोबर खोकीही गेली. मीच म्हणालो होतो, न्या. समितीनं कौतुक केलं. त्याच आठवड्यात अण्णांनी तो प्रश्न विचारला आणि मी 'हो' म्हणालो. कार्डं कॉलेजात जपून ठेवलीत, असाही त्यांचा समज होऊ दिला.

काही महिन्यांनी नागपूरच्या एका संशोधक मुलीचा ईमेल आला. तालमीत वापरलेली एक हस्तलिखित प्रत 'हुपरी, घरगुती' अशी यादीत आहे, ती कुणाच्या घरी? मी स्कॅन मोठं करून पाहिलं. अण्णांच्या अक्षरामागून मागचा छापील मजकूर फिकट, उलटा दिसत होता. हुपरी एवढं वाचता आलं. आणि तेव्हा लक्षात आलं. ज्या घरात कागद, त्याच घरची पत्रिका. संपूर्ण पत्ता मागच्या बाजूला होता. त्या मुलीला मी लिहिलं, 'सदर प्रत आता उपलब्ध नाही.' अण्णांकडे गेलो नाही. पुढे वाचनालयाचा रस्ताच टाळू लागलो.

ते गेल्यावर, उत्तरकार्य झालं आणि तिसऱ्या दिवशी मी हुपरीची बस धरली. निदान एक तरी घर शोधायचं होतं. दिवसभर गल्ल्यांतून फिरलो. दारोदार पैंजणांचं काम चाललेलं, प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न. शेवटी एका घरातल्या आजींनी पैंजणाची कडी जोडता जोडता वर पाहिलं. "नाटकाची वही? हाय की. पर अण्णा येऊन गेलते की दोन वर्षामागं. काठी टेकत आलते. पत्रिका मागून नेली, आमच्या नातीच्या लग्नाची."

"पत्रिका कशाला, काही बोलले?"

"म्हणाले, पत्रिकेत सगळं घराणं येतंय. माणूस गेला, घर बदललं, तरी मामा सापडतोय." त्या हसल्या. "पयली दिलीवती की, म्हटलं. तर म्हणाले, ती माझ्याच हातनं हरवली."

माझ्याच हातनं. ती हरवली नव्हती, मीच रद्दीत दिली होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या घरी गेलो आणि त्यांच्या पत्नीला, काकूंना, सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या, हात थांबला नाही. "त्यास्नी ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही व्हय म्हणालासा त्याच दिवशी घरी येऊन बोलले, सरांनी मागची बाजू घेतली न्हाय."

"कसं कळलं त्यांना?"

"वाचली असती तर विचारलं असतं म्हणाले, एवढ्या पत्रिका कशापायी. विचारल्याबिगर कोण ऱ्हाईल?" मग पदरानं हात पुसून आत गेल्या आणि चपलांचं एक खोकं घेऊन आल्या. "खोकी रद्दीत गेली, ते कालेजच्या शिपायाकडनं कळलं त्यास्नी. तवापासनं दोन वर्षं ह्योच धंदा. गुडघं दुखत्यात म्हणायचं आन् एसटीत बसायचं. सर येतील तवा द्या म्हणाले. तुमीच उशिरा आलासा."

खोक्यात घरोघरची कार्डं होती, सगळी नव्यानं लिहिलेली. अक्षर थरथरत होतं, पण माहिती एकाही ठिकाणी डळमळत नव्हती. काही घरांतून आता नातवंडांच्या पत्रिका आल्या होत्या. मलकापूरची आठ पानं तिथंच होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं, माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन, आपलं अर्धं आयुष्य दुसऱ्यांदा गोळा केलं होतं.

आता दोन्ही बाजू स्कॅन झाल्या आहेत. पत्ते उघड्यावर टाकलेले नाहीत. कुणी विचारलं की त्या घरी विचारून देतो. नागपूरला पत्र गेलं आहे. यादीवर संकलक म्हणून अण्णांचं नाव आहे, माझं काढलं. खोकं वाचनालयात, त्याच माळ्यावर परत ठेवलं आहे.

ठेवण्याआधी त्यात एका कार्डाची भर घातली. अण्णांच्या उत्तरकार्याचं छापील कार्ड माझ्याकडे होतं. असलं कार्ड कुणी घरात ठेवत नाही. पण त्याची एक बाजू कोरी होती, आणि दुसऱ्या बाजूला अण्णांचं नाव, घर, पेठ, सगळं घराणं होतं. ती छापील बाजू मी आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग कोऱ्या बाजूवर, त्यांच्याच पद्धतीनं, लिहिलं: 'नाटककाराच्या साधनांची सूची. पहिली प्रत मी रद्दीत घातली. मागची बाजू मी घेतली नव्हती, अण्णा. मी खोटं बोललो. मला माफ करा.'